ताब्यातला परका माल

शाजी वर्गीस काउंटरवर तीन कागद मांडतो
आणि पंख्याने उडू नयेत म्हणून
माझाच निळीचा डबा त्यांच्यावर ठेवतो.
सोहारमधली दुपार, दोन वाजलेले.
आत बॉयलर धुसफुसतोय
आणि तफज्जुल एकामागून एक
लांब, पांढऱ्या, बिनमाणसांच्या दिशदाशा दाबतोय.

पहिला कागद स्वस्त.
एकशे दहा रियाल, दशांशानंतर तीन शून्यं.
आग लागली तर. चोर आला तर.
"पाणी?"
"कुठलं पाणी?"
मी भिंतीकडे बोट करतो.
तीन वर्षांपूर्वीच्या वादळात वादी आत शिरली
तिची चहाच्या रंगाची रेघ अजून आहे,
माझ्या ढोपराच्या वर चार बोटं.
दोनदा रंग दिला. दोनदा ती वर आली.
"नळ फुटला तर यात आहे," शाजी म्हणतो,
"आभाळ नाही. त्याचे वेगळे पंच्याण्णव."

दुसऱ्या कागदात आभाळ आहे.
काच आहे, पाटी आहे,
मशिनं आहेत, वय वजा करून.
बारीक अक्षरात हेही आहे
की प्रत्येक नुकसानीचे पहिले पन्नास रियाल माझे.
ते ठीक.
पहिले पन्नास नेहमी माझेच असतात.

मग ज्या प्रश्नाने आठ दिवस झोप नाही, तो विचारतो.
"आणि हे?"
वर दांड्यांना तीनशे चाळीस नग.
बँकवाल्यांचे सूट, शाळेचे गणवेश,
गुरुवारच्या लग्नाचा सोनेरी काठाचा बिश्त
ज्याची किंमत विचारायची मला हिंमत झाली नाही.
"हे तुमचं नाही," शाजी म्हणतो,
"म्हणून यात नाही. त्याचं कलम निराळं.
ताब्यातला परका माल. ऐंशी."

माझ्या बापाचं सगळं आयुष्य
या तीन शब्दांत घडी करून ठेवता आलं असतं.
देवरुखला तो बिब्ब्याने खुणा करायचा,
कॉलरच्या आत, घराघराची वेगळी.
डॉक्टरांची फुली, मामलेदारांचे दोन टिंब.
आमच्या कपड्यांवर काहीच नाही,
ते असेच ओळखू यायचे.
एकदा इस्त्रीतला निखारा उडून
सापुच्यांच्या शालूला रुपयाएवढं भोक पडलं.
दोन वर्षं त्यांचे कपडे फुकट.
आई दर सोमवारी कॅलेंडरमागे एक रेघ ओढायची.
एकशे चारावी ओढली त्या दिवशी
सापुचीण बाई म्हणाल्या,
पुढच्या सोमवारी जरा लवकर या.

तिसऱ्या कागदावर तक्ता आहे.
अंगठा इतके टक्के, तर्जनी इतके,
करंगळी सगळ्यांत खाली.
तफज्जुल विचारतो, काय लिहिलंय?
मी आमच्या मोडक्या हिंदीत सांगतो.
तो प्रेसचं झाकण उचलून ठेवतो, डावा पंजा उघडतो.
करंगळी नाहीच.
गावाकडे ताग कापताना गेली, म्हणतो.
मग आपल्याला सूट मिळेल ना, शेठ?
शाजी हसतो. मी हसत नाही.
वर्षाचे साठ, सगळ्या बोटांचे मिळून.

माझा हात अडीचशेपर्यंत पोचतो.
काच काढ. पाटी काढ,
तिचं एक अक्षर तसंही विझलंय.
आग राहू दे. परका माल घे.
तक्ता घे.
"आभाळ निम्मं मिळतं का?"
"आभाळ अख्खंच घ्यावं लागतं," शाजी गंभीरपणे म्हणतो.
मग राहू दे.

सही करताना दिसतं,
डब्याच्या बुडाने कागदावर निळं वर्तुळ उठवलंय,
बरोबर माझ्या नावावर.
"चालेल?"
"चालतं. खोडू नका फक्त."

संध्याकाळी मी आणि तफज्जुल
खालची दांडी काढून वर ठोकायला घेतो.
किती वर, तो विचारतो.
मी भिंतीवरची रेघ दाखवतो.
तो डावा हात तिच्यावर आडवा ठेवतो,
चार बोटं,
आणि त्यांच्या वर पेन्सिलीने खूण करतो.